टाकीत तेल किती, आणि न्यूटन-रॅफसन का भरकटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंड इयर मेकॅनिकलचा मिनी प्रोजेक्ट: डिझेलची आडवी दंडगोल टाकी, लांबी ५ मीटर, व्यास २ मीटर. आत किती लिटर आहे ते दिलं की पातळी किती सेंटिमीटरवर असेल हे आर्डुइनोने (प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या बोर्डने) सांगायचं. लिटरवरून उंची थेट काढता येत नाही म्हणून न्यूटन-रॅफसन (एका अंदाजापासून निघून आलेखाच्या स्पर्शिकेवरून उत्तराकडे उड्या मारणारी पद्धत) लावलं. कधी बरोबर उत्तर येतं, कधी भलताच आकडा, कधी प्रोग्रॅम अडकून बसतो. सर म्हणतात न्यूटन सगळ्यात वेगवान, मित्र म्हणतो बिसेक्शन लाव (उत्तर ज्या दोन टोकांत आहे ते अंतर दर पायरीला निम्मं करत जाणं). शिवाय 'चार दशांश स्थळांपर्यंत अचूक' म्हणजे नेमकं कुठे थांबायचं? आणि सिम्पसन (क्षेत्रफळ काढायला), इंटरपोलेशन (मोजलेल्या बिंदूंमधल्या किमती काढायला), ऑयलर (बदलाच्या वेगावरून पुढची किंमत काढायला) सगळं पाठ असूनही कुठे काय वापरायचं ते का कळत नाही?

माझी बावीस वर्षं टाक्या आणि प्रेशर व्हेसल्सच्या डिझाइनमध्ये गेली आहेत, आणि गेली काही वर्षं आठवड्यातून दोन दिवस न्यूमेरिकल मेथड्स शिकवतोही. तुमची टाकी मला चांगलीच ओळखीची आहे. त्यामुळे सगळं उत्तर तिच्यावरच देतो.

आधी एक गोष्ट. 'कुठली पद्धत चांगली' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते तुमच्या फलनाचा आलेख कसा आहे, उत्तर साधारण कुठे आहे हे माहीत आहे का, आणि ते किती अचूक लागणार आहे यावर ठरतं. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी पेपरातच दिलेल्या असतात: समीकरण हे, सुरुवात इथून, चार दशांश काढा. मग विद्यार्थ्याच्या हातात फक्त आकडेमोड उरते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये त्या तिन्ही गोष्टी पहिल्यांदाच तुमच्यावर येऊन पडल्या आहेत. अडचण तिथे आहे.

आता टाकी. तेलाच्या पृष्ठभागाच्या दोन्ही कडांपासून टाकीच्या मध्यापर्यंत रेषा काढल्या की मध्याशी जो कोन होतो त्याला क्ष म्हणू, रेडियनमध्ये. त्रिज्या १ मीटर आणि लांबी ५ मीटर असल्याने आकारमान २.५ × (क्ष − साइन क्ष) घनमीटर होतं, आणि तेलाची उंची १ − कोसाइन(क्ष/२) मीटर. टाकीत १,००० लिटर, म्हणजे १ घनमीटर असेल तर सोडवायचं समीकरण:

क्ष − साइन क्ष = ०.४

दिसायला साधं, पण बीजगणिताने क्ष मोकळा करता येत नाही. हे केप्लरच्या समीकरणाचं सख्खं भावंड आहे. ग्रह अमुक दिवशी कक्षेत कुठे असेल हे काढताना केप्लरला १७व्या शतकाच्या सुरुवातीला हेच आडवं आलं होतं. त्याच्याकडे साइनच्या आधी कक्षेची विकेंद्रता (ती किती लंबगोल आहे त्याचं माप) असते, तुमच्याकडे तिथे १ आहे. आणि नेमका १ असणं हीच यातली वाईट परिस्थिती.

का ते बघा. न्यूटन-रॅफसनमध्ये आपण अवकलजाने, म्हणजे आलेखाच्या चढाने, भागतो. इथे अवकलज १ − कोसाइन क्ष. टाकी रिकामी असताना क्ष शून्य, अवकलजही शून्य. टाकी काठोकाठ भरली तरी क्ष दोन पाय (२π, म्हणजे ६.२८), आणि अवकलज पुन्हा शून्य. बहुतेक जण प्रोग्रॅममध्ये सुरुवात शून्यापासून करतात. तिथे शून्याने भागाकार होतो. मग कोणीतरी सांगतं की शून्याऐवजी ०.१ घे. मी ते हाताने करून पाहिलं. ०.१ वर अवकलज आहे ०.००५, त्यामुळे पहिल्याच उडीत क्ष ८०.१३ वर जातो. तिथून −२.४८, मग −१.२१, मग −०.१७. वाटतं आता ताळ्यावर येतोय, तर पुढची उडी थेट २७च्या आसपास. क्ष हा ० ते ६.२८ मधला कोन आहे हे त्या बिचाऱ्या सूत्राला माहीतच नाही. आणि यात एक छुपा धोका आहे: उंची कोसाइनमधून निघते, त्यामुळे क्ष कितीही वेडावाकडा असला तरी उंची ० ते २ मीटरमध्येच येते. तुम्ही दहा इटरेशननंतर (पुनरावृत्त्यांनंतर) लूप तोडत असाल, तर स्क्रीनवर अगदी सभ्य दिसणारा, पण पूर्णपणे चुकीचा आकडा येणार. तुमचा 'भलताच आकडा' बहुधा हाच.

आता सुरुवात पाय (३.१४१६) पासून करा, म्हणजे टाकी अर्धी आहे असं धरून:

३.१४१६
१.७७०८
१.४४४८
१.३८४५
१.३८२३

पाचव्या ओळीला काम संपलं. खरं उत्तर १.३८२२८४. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक ओळीतली चूक बघा: ०.३९, मग ०.०६३, मग ०.००२२, मग ०.०००००३. एकदा उत्तराच्या जवळ आलं की बरोबर अंकांची संख्या दर पायरीला साधारण दुप्पट होते. सर 'वेगवान' म्हणतात ते याला, आणि ते खोटं नाही. फक्त 'एकदा जवळ आलं की' हे शब्द वर्गात जरा हळू आवाजात बोलले जातात.

पण पायच का? आलेख काढलात की दिसेल. ० पासून पायपर्यंत तो खालून वर वाकत जातो, पायला वळण बदलतो आणि पुढे उलटा वाकतो. वळण बदलणाऱ्या बिंदूवरून निघालं की पहिली स्पर्शिका तुम्हाला उत्तराच्या दिशेने नेते आणि उत्तर कधीच ओलांडत नाही; पुढच्या उड्याही त्याच बाजूने येतात. टाकी अर्ध्यापेक्षा कमी असो की जास्त, पायपासून सुरू केलेलं न्यूटन या टाकीसाठी भरकटत नाही. म्हणजे समीकरण तेच, पद्धत तीच, बदललं काय, तर सुरुवातीआधी वहीत काढलेलं एक वेडंवाकडं चित्र. मी विद्यार्थ्यांना आलेख काढल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावू देत नाही, त्यावरून माझी थोडी बदनामीही आहे.

बिसेक्शनचं म्हणाल तर तुमचा मित्र तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त बरोबर आहे. उत्तर ० आणि ६.२८ च्या मध्ये आहे हे आपल्याला नक्की माहीत आहे, आणि फलन सतत चढतं आहे. दर पायरीला अंतर निम्मं होतं. उंचीत १ मिलिमीटरची अचूकता हवी असेल तर कोनात ०.००२ रेडियन पुरे, आणि त्यासाठी १२ पायऱ्या लागतात. आर्डुइनोला बारा पायऱ्या म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याआधीचं काम. अवकलज नको, सुरुवातीची चिंता नको, भरकटणं नाही. तुमच्या जागी मी प्रोजेक्टसाठी बिसेक्शनच ठेवलं असतं आणि तोंडी परीक्षेत न्यूटन का नाही हे छाती ठोकून सांगितलं असतं.

रेग्युला फॉल्सीबद्दल मात्र एक इशारा. पुस्तकात ती बिसेक्शनची सुधारित आवृत्ती म्हणून येते: मध्यबिंदूऐवजी दोन टोकं जोडणारी रेषा शून्याला जिथे छेदते ती जागा घ्यायची. या समीकरणावर ० आणि पाय ही टोकं घेऊन लावून बघा: पहिली चार उत्तरं ०.४०, ०.७४, १.००, १.१७. बिसेक्शन तेवढ्याच चार पायऱ्यांत १.३७४ वर पोचतं. आलेख एकाच बाजूला वाकलेला असला की रेग्युला फॉल्सीचं एक टोक खिळा ठोकल्यासारखं जागचं हलत नाही. इथे पायवालं टोक तसंच राहतं. सिकंट पद्धत (मागच्या दोन अंदाजांतून रेषा काढून पुढचा अंदाज घेणारी) अवकलजाशिवाय न्यूटनच्या जवळपास वेग देते, पण तीही बाहेर उडी मारू शकते. व्यवहारात आम्ही दोन्हींचं लग्न लावतो: खालची-वरची मर्यादा बिसेक्शनसारखी जपायची, आत वेगवान पद्धत चालवायची, आणि ती मर्यादेबाहेर उडी मारायला लागली की त्या पायरीपुरतं मध्यबिंदू घ्यायचा. ब्रेंटने १९७३ मध्ये अशीच एक पक्की पद्धत मांडली. पायथनच्या सायपाय या लायब्ररीमध्ये ती तयार मिळते. नोकरीत तुम्ही बहुधा तीच वापराल, पण आत काय चाललंय ते ठाऊक असलेलं बरं.

आणखी एक गंमत, जी तुमच्या कॅल्क्युलेटरवर आत्ता करता येईल. समीकरण क्ष = साइन क्ष + ०.४ असं लिहा. कॅसिओचं एफएक्स-९९१ बहुतेकांकडे असतंच. १ दाबा, बरोबर दाबा. मग साइन(आन्सर) + ०.४ टाका आणि नुसतं बरोबर, बरोबर, बरोबर दाबत राहा. १.२४१५, १.३४६३, १.३७४९, १.३८०९, १.३८२०… सातआठ वेळा दाबलं की आकडा चार दशांशांपर्यंत हलायचा थांबतो. हे फिक्स्ड पॉइंट इटरेशन. चूक दर वेळी आधीच्या चुकीच्या साधारण १९ टक्क्यांवर येते, कारण उत्तराच्या ठिकाणी कोसाइन क्ष ०.१९ आहे. टाकीत फक्त १० लिटर असतील तर उजवीकडे ०.४ ऐवजी ०.००४ येतं, उत्तर ०.२८९, आणि तिथे कोसाइन ०.९६. मग तीच पद्धत दर दाबाला चूक फक्त ४ टक्क्यांनी कमी करते. बरोबरचं बटण झिजेल. न्यूटनही पायपासून निघालं तर रिकाम्या टाकीच्या बाजूला आधी रांगतं आणि शेवटच्या काही पायऱ्यांतच धावतं. पद्धत तीच आणि टाकी तीच. फक्त तेल कमी झालं.

हे करताना कॅल्क्युलेटर डिग्रीवर असेल तर काय होतं तेही मुद्दाम करून बघा. आकडा ०.४०७१ वर अगदी शांतपणे स्थिरावतो. एरर नाही, काही नाही. दरवर्षी वर्गात निदान पाचसहा जण हे उत्तर चार दशांशांसह अधोरेखित करून आणतात. आकडे स्थिरावले म्हणजे तुम्ही मांडलेल्या समीकरणाचं उत्तर मिळालं, एवढंच. तुम्ही मांडलेलं समीकरण टाकीचं होतं का, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही.

आता 'चार दशांश स्थळं'. परीक्षेपुरता संकेत सरळ आहे: लागोपाठची दोन उत्तरं चार दशांशांपर्यंत सारखी आली की थांबा, आणि मधली आकडेमोड सहा दशांशांत ठेवा. मधेच चार दशांशांवर छाटत गेलात तर शेवटचा अंक तुमचा राहत नाही, छाटणीचा होतो. हा संकेत जुनाच आहे बरं का. आपल्या संस्कृत ज्योतिषगणितात पुन्हापुन्हा करायच्या कृतीला 'असकृत्' म्हणत आणि ती 'अविशेष' होईपर्यंत, म्हणजे मागच्या-पुढच्या उत्तरात फरक उरत नाही तोवर, करायची असे. थांबण्याचा इतका नेमका नियम एका शब्दात बसवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

पण प्रोजेक्टमध्ये कुठे थांबायचं हे दशांशांवर ठरवू नका, डिपच्या पट्टीवर ठरवा. पेट्रोल पंपावर टाकीत पट्टी सोडून पातळी बघतात हे तुम्ही पाहिलं असेल. त्या पट्टीवर तुम्ही फार तर मिलिमीटर वाचू शकता. तुमच्या १,००० लिटरच्या पातळीला (ती येते २२.९५ सेंटिमीटर) तेलाचा पृष्ठभाग सुमारे ६.४ चौरस मीटर आहे, म्हणजे १ मिलिमीटरला ६.४ लिटर. टाकी अर्धी असताना १ मिलिमीटरला १० लिटर. आता उंची ०.२२९४८१३७ मीटर असं आठ दशांशांत छापण्यात काय हशील? तेलावर साधी लाट आली तरी दुसरा अंक हलतो. मी टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) अर्धा मिलिमीटर ठेवला असता, तोही उंचीवर, कोनावर नाही.

इथेच तुमचा प्रोग्रॅम अडकण्याचं कारणही असावं. कोड पाहिलेला नाही, पण माझा अंदाज असा: तुम्ही टॉलरन्स ०.००००००००१ सारखा काहीतरी ठेवला आहे आणि लूपला कमाल संख्या दिलेली नाही. आर्डुइनो ऊनोच्या आर३पर्यंतच्या बोर्डांवर 'डबल' लिहिलं तरी तो ४ बाइटचा फ्लोटच (साधारण सात अंक धरणारी दशांश संख्या) असतो. १ ते २ च्या मधल्या आकड्यांसाठी त्याच्याकडे दोन शेजारच्या संख्यांत ०.००००००१२ चं अंतर आहे. त्याहून बारीक फरक त्याला लिहिताच येत नाही. मग न्यूटन दोन शेजाऱ्यांच्या मध्ये इकडून तिकडे उड्या मारत बसू शकतं आणि तुमची अट कधीच पुरी होत नाही. लॅपटॉपवर १५–१६ अंकांचा खरा डबल असल्याने तोच कोड सुरळीत चालतो आणि विद्यार्थी बोर्ड खराब आहे म्हणून दुकानात परत करायला जातो. कुठल्याही इटरेशनच्या लूपला वरची मर्यादा द्या. पन्नास पायऱ्यांत उत्तर नाही आलं तर प्रोग्रॅमने तसं सांगावं, आकडा दाखवू नये.

फ्लोटवरून आणखी एक छोटी गोष्ट. क्ष फार लहान असला की क्ष आणि साइन क्ष जवळपास सारखे असतात आणि वजाबाकीत सगळे कामाचे अंक उडून जातात. क्ष = ०.००१ घेतलं तर खरा फरक ०.०००००००००१६७ आहे, आणि फ्लोटमध्ये त्या भागात दोन शेजारच्या संख्यांतलं अंतरच ०.०००००००००११६. म्हणजे मोजपट्टीवरच्या दोन खुणांतलं अंतर आणि मोजायची वस्तू एकाच मापाची. तिथे वजाबाकीऐवजी क्षचा घन भागिले ६ घेतला की काम होतं. तुमच्या टाकीत हे कधी येईल? खरं सांगायचं तर येणार नाही. १० लिटरलाही पुरेसे अंक शिल्लक राहतात. पण तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतो, आणि पुढे कधीतरी खऱ्या कामातही येतो.

इंटरपोलेशनचं मी स्वतः भोगलेलं सांगतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका टाकीचा डिप चार्ट (पट्टीवरच्या कुठल्या उंचीला किती लिटर याचा तक्ता) करायचा होता. खऱ्या टाकीची टोकं सपाट नसतात, फुगीर डिश एंड असतात, वेल्डिंगमध्ये गोलाई थोडी इकडेतिकडे होते, म्हणून सूत्राऐवजी मोजून घेतात: ठरावीक लिटर ओतायचे, पट्टी वाचायची. माझ्याकडे दर १० सेंटिमीटरला एक अशी २१ वाचनं होती आणि चार्ट दर सेंटिमीटरला हवा होता. मी नुकताच शिकून आलेलो. न्यूटनचा फॉरवर्ड डिफरन्स, एकवीस बिंदूंतून जाणारी विसाव्या घाताची बहुपदी. प्रत्येक मोजलेल्या बिंदूवर आकडा तंतोतंत. छापून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिल्या ओळी बघितल्या आणि चष्मा काढून विचारलं, "चार सेंटिमीटरला तेल उणे आहे का?" शून्य आणि १० सेंटिमीटरच्या मध्ये माझ्या बहुपदीने खाली बुडी मारली होती. वरच्या टोकाला टाकी भरून पुन्हा रिकामी होत होती.

सारख्या अंतरावरच्या बिंदूंतून मोठ्या घाताची बहुपदी काढली की टोकांशी ती अशी हेलकावे खाते. रुंगने १९०१ मध्येच हे एका साध्या फलनावर दाखवून दिलं. ऑयलरपेक्षा अचूक अशा रुंग-कुट्टा पद्धतीच्या नावातला तोच रुंग. मापनातली चूक त्यात भर घालते. बिंदू २१ असले की टोकाजवळ एखाद्या वाचनातल्या लिटरभर चुकीचे हजारो लिटर होऊ शकतात. त्या संध्याकाळी मी दोन शेजारच्या वाचनांमध्ये सरळ रेषा धरून चार्ट पुन्हा केला आणि तो पास झाला. आज करायचा तर क्युबिक स्प्लाइन (तिसऱ्या घाताचे छोटे तुकडे गुळगुळीत जोडून केलेला वक्र) घेईन, पण तळाजवळ वाचनं दाट घ्यायला सांगेन. घात वाढवला की अचूकता वाढते, ही समजूत डोक्यातून काढून टाकायला मला एक दिवस आणि बरीच लाज खर्ची घालावी लागली.

सिम्पसनबद्दल एक तपासणी शिकवतो, ती कुठल्याही पद्धतीला लागू पडते. टाकीच्या गोल काटछेदाचं क्षेत्रफळ तळापासून वर रुंद्या मोजून सिम्पसनने काढा. त्रिज्या १ असल्याने खरं उत्तर पाय, म्हणजे ३.१४१६. चार पट्ट्या घेतल्या तर २.९७६१ येतं, आठ घेतल्या तर ३.०८३६. चूक ०.१६५५ वरून ०.०५८० वर आली, म्हणजे २.८५ पटीने कमी झाली. पण पुस्तक म्हणतं सिम्पसनमध्ये पट्टी निम्मी केली की चूक १६ पटीने कमी व्हायला हवी! तुमच्या आकडेमोडीत चूक नाही. सिम्पसनचा तो सोळाचा वायदा फलनाचे वरचे अवकलज शाबूत असतील तरच आहे, आणि टाकीच्या तळाशी रुंदीचा आलेख सरळ उभा चढतो. तिथे पहिलाच अवकलज अनंत.

आता उंचीऐवजी कोन घ्या, उंची = १ − कोसाइन ट. संकलनाखाली २ × (साइन ट)चा वर्ग येतो, ट शून्यापासून पायपर्यंत. चार पट्ट्या, आणि सिम्पसन सोडा, साधा समलंब नियम (पट्टीची वरची कड सरळ रेषा धरणारा): किमती ०, १, २, १, ०. टोकं शून्यच आहेत, बेरीज ४, गुणिले पाय भागिले ४. उत्तर पाय, अगदी तंतोतंत. वर्गात मी हे फळ्यावर करतो तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात. सवय एवढीच लावा: पट्टी निम्मी करून उत्तर पुन्हा काढा, परत एकदा निम्मी करा, आणि लागोपाठच्या दोन फरकांचं गुणोत्तर बघा. समलंबला ४, सिम्पसनला १६ च्या आसपास आलं तर पद्धत वायद्याप्रमाणे चालली आहे. नाही आलं तर फलनात कुठेतरी खोच आहे, ती शोधा. यासाठी खरं उत्तर माहीत असावं लागत नाही.

ऑयलर आणि रुंग-कुट्टावर फार लांबवत नाही, पण टाकी आहेच तर एक प्रश्न घ्या: तळाचा व्हॉल्व्ह उघडला, टाकी किती वेळात रिकामी होईल? बाहेर पडणारा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि पृष्ठभागाचं क्षेत्रफळ उंची × (२ − उंची) याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. विद्यार्थी हे दोन्ही जसेच्या तसे प्रोग्रॅममध्ये घालतात, शेवटी शून्य भागिले शून्य होतं, किंवा ऑयलरची शेवटची उडी उंचीला शून्याच्या खाली नेते आणि वर्गमूळ फुटतं. कागदावर भागून बघा: उंचीचं वर्गमूळ वर-खाली कटतं आणि पातळी उतरण्याचा वेग फक्त (२ − उंची)च्या वर्गमुळाने भागलेला एक स्थिरांक उरतो. त्याचं संकलन बारावीतलं आहे. रुंग-कुट्टा लागतच नाही! मी दोन तास डिबगिंग करत बसलेल्या मुलांना हे दाखवलंय आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग समजू शकतो.

तर तुमच्या प्रोजेक्टपुरतं असं करा. बिसेक्शन ठेवा, मर्यादा ० आणि दोन पाय, थांबणं उंचीतल्या अर्ध्या मिलिमीटरवर, लूपला कमाल ५० पायऱ्या. न्यूटन दाखवायचंच असेल तर पायपासून सुरू करा आणि दोन्हींची उत्तरं शेजारी छापा. शून्य लिटर आणि १५,७०८ लिटर (पूर्ण टाकी) ही दोन टोकं प्रोग्रॅममध्ये वेगळी हाताळा, तिथे कुठलीच पद्धत चालवू नका. ऋण लिटर किंवा त्याहून जास्त लिटर टाकले तर नकार द्या.

तपासायला तीन आकडे देतो. ७,८५४ लिटरला उंची १ मीटर यायला हवी. १,००० लिटरला २२.९५ सेंटिमीटर. आणि १४,७०८ लिटरला १७७.०५, कारण वर उरलेली १,००० लिटरची रिकामी जागा म्हणजे तीच आकृती उलटी केलेली. हे तिन्ही जुळले की मला टाकी कशी बसवली आहे तेवढं लिहा. जमिनीखालची टाकी बऱ्याचदा एका बाजूला किंचित कललेली असते, आणि तसं असेल तर वरचं सूत्रच बदलतं. पट्टी टाकीच्या मध्यावर सोडता की टोकाला, यावरही मग फरक पडेल.